गावच्या आरओ प्लांटमधून गोडं पाणी जास्त कसं काढायचं? बेळगाव, चिकोडी, अथणी भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अथणी, कागवाड, रायबाग, चिकोडी, निपाणी, हुक्केरी या पट्ट्यात गावोगावी आरओ प्लांट (रिव्हर्स ऑस्मॉसिस, खारं पाणी गोडं करणारं यंत्र) बसवायचं आणि नंतर ते सांभाळायचं काम मी बरीच वर्षं करतोय. प्लांटवरचा बोर्ड कन्नडमध्ये, मेंब्रेनच्या, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पडद्याच्या, खोक्यात येणारा कागद इंग्रजीत, आणि रोज सकाळी बटण दाबणारा माणूस घरी मराठी बोलणारा, मग काही अडलं की फोन येतो आणि बहुतेक फोन एकाच गोष्टीचे असतात, की पाणी पुरत नाही, प्लांट तोच ठेवून गोडं पाणी वाढवता येईल का. फोनवर उत्तरं तुटक दिली जातात म्हणून इथं सविस्तर लिहितोय. ज्याला जो प्रश्न पडलाय तिथून वाचायला सुरुवात केली तरी चालेल, पण रिजेक्टच्या, म्हणजे क्षार घेऊन बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या, व्हॉल्व्हला हात लावायच्या आधी चौथा प्रश्न तेवढा वाचाच.

१. आरओ म्हणजे मोठा फिल्टरच ना?

तसं समजल्यामुळंच निम्म्या चुका होतात. फिल्टर म्हणजे चहाची गाळणी, जाड ते वर राहतं आणि बाकीचं खाली जातं. पाण्यात विरघळलेला क्षार असा गाळून निघत नाही. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की थोड्या वेळात पातेल्यात पाणी सुटतं, ते पाणी फोडीतून मिठाकडं आपणहून आलेलं असतं. कमी क्षाराकडून जास्त क्षाराकडं जायचं हा पाण्याचा स्वभाव, त्याला ऑस्मॉसिस म्हणतात. आरओत आपण खाऱ्या बाजूला पंपानं एवढा जोर लावतो की पाणी उलटं फिरतं, खाऱ्याकडून गोड्याकडं मेंब्रेनच्या पातळ कातडीतून पार होतं आणि क्षार मागं राहतो. किती जोर लागणार ते क्षारावर. ढोबळ हिशेब असा की दर १००० टीडीएसला (म्हणजे लिटरमागं १००० मिलिग्रॅम विरघळलेल्या क्षाराला) साधारण पाऊण किलो (चौरस सेंटिमीटरला) प्रेशर नुसतं बरोबरी करण्यात जातं, त्याच्या वर जेवढं लावाल त्याचंच पाणी मिळतं. समुद्राच्या पाण्यात ही बरोबरीच २७ किलोच्या आसपास आहे म्हणून तिथले प्लांट ५५ ते ७० किलोवर चालतात, आपल्या बोअरच्या पाण्याचं ८ ते १५ किलोत भागतं.

ही कातडी कामाला येईल अशी पहिल्यांदा बनवली ती अमेरिकेत, कॅलिफोर्निया विद्यापीठात, १९६० च्या आसपास, सिडनी लोब आणि मूळचे भारतातले श्रीनिवास सौरिराजन या दोघांनी. त्याआधीच्या पडद्यातून क्षार अडायचा पण पाणी थेंबथेंबच यायचं. या दोघांच्या पडद्यात क्षार अडवणारा थर एकदम पातळ आणि त्याच्या खालचा भाग सच्छिद्र होता, त्यामुळं अडवणूक तेवढीच राहून पाणी कितीतरी पटीनं वाढलं. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच कोलिंगा गावात त्यावर प्लांट चालू झाला, आणि तो समुद्राच्या नाही तर जमिनीखालच्या मचूळ पाण्यावर होता, म्हणजे आपल्यासारखाच. आज आपण वापरतो ती पॉलिअमाइडची मेंब्रेन त्यानंतरची, १९७० च्या दशकाच्या शेवटाला आलेली.

२. हजार लिटर गोड्या पाण्यामागं हजार लिटर रिजेक्ट जातं. हे वाया घालवणं नाही का?

एप्रिल-मे महिन्यात अथणीकडच्या गावात रिजेक्टची पाइप गटारीत वाहताना बघितली की कुणालाही वाईट वाटणार, मलाही वाटतं. पण रिजेक्टचं पाणी काहीतरी काम करून चाललेलं असतं, मागं राहिलेला सगळा क्षार तेच वाहून नेतं. ते कमी केलं की तोच क्षार कमी पाण्यात कोंबला जातो.

बोअरचं पाणी १५०० टीडीएसचं धरा. अर्धं गोडं काढलं, म्हणजे ५० टक्के रिकव्हरी, तर रिजेक्ट साधारण ३००० होतं. ७५ टक्के काढलं तर उरलेल्या पावात सगळा क्षार, म्हणजे ६०००. ९० टक्के काढायला गेलात तर १५००० च्या घरात. म्हणजे ७५ वरून ९० वर जाताना गोडं पाणी वाढतं फक्त २० टक्के आणि मेंब्रेनच्या शेवटच्या टोकाला बसलेलं पाणी अडीचपट खारं होतं. कुठवर जायचं ते यावर ठरतं की एवढ्या घट्ट पाण्यातून चुना आणि सिलिका बाहेर पडून मेंब्रेनवर बसायला कधी सुरुवात करतात. नुसत्या टीडीएस मीटरवर हे कळत नाही. दोन गावांत टीडीएस १५००च असेल, एकात ते साधं मीठ असेल तर ७५ टक्के आरामात निघतात, दुसऱ्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट भरलेलं असेल तर ५० वरच बोंब होते. आपल्याकडं काळ्या रानातल्या, काळ्या पाषाणातल्या बोअरचं पाणी बहुतेक या दुसऱ्या जातीचं, भांड्यांना पांढरा थर धरणारं.

घरगुती आरओबद्दल २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं सांगितलं होतं की निदान ६० टक्के रिकव्हरी हवी आणि पुढं ती ७५ वर न्यावी. गावच्या प्लांटनं त्याच्या खाली राहायचं काही कारण नाही, पण तिथवर जायचा रस्ता व्हॉल्व्हमधून जात नाही.

३. आमची रिकव्हरी किती आहे ते मोजायचं कसं? रोटामीटर (पाण्याचा प्रवाह दाखवणारी काचेची नळी) बिघडलाय.

२० लिटरचा कॅन आणि मोबाइलवरचं घड्याळ, बास. गोड्या पाण्याच्या पाइपखाली कॅन भरायला किती सेकंद लागतात ते बघा, मग तोच कॅन रिजेक्टखाली धरा. समजा गोडं पाणी ९० सेकंदात भरलं तर ते तासाला ८०० लिटर, रिजेक्ट ६० सेकंदात भरलं तर तासाला १२००. दोन्ही मिळून २०००, त्यातलं ८०० म्हणजे ४० टक्के. हे प्लांट चालू करून १५-२० मिनिटं झाल्यावर मोजा, लगेच नको. रोटामीटर चांगला असला तरी महिन्यातून एकदा कॅन लावून खात्री करा, कारण काच आतून पिवळी पडली की त्यातला गोळा माणसाला हवा तिथं दिसतो.

४. मग रिजेक्टचा व्हॉल्व्ह थोडा आवळला तर काय बिघडतं? पाणी तर लगेच वाढतं.

लगेच वाढतं, तीच तर अडचण आहे. माझ्या हातून झालेलं सांगतो. अथणीच्या पुढचं एक गाव, मार्च महिना, प्लांटसमोर सकाळी सहापासून कॅन आणि घागरींची रांग, पंचायतीतली माणसं म्हणाली काहीतरी करा की ओ, आणि मी स्वतः रिजेक्टचा व्हॉल्व्ह पाऊण फेरा आवळला. रोटामीटर १००० वरून ११५० वर गेला, सगळे खूश, मीही खूश होऊन गाडीला किक मारली. तीन आठवड्यांनी फोन आला, पाणी ६०० वर आलंय. जाऊन हाउसिंग (मेंब्रेन एकामागं एक बसवलेली लांब नळी) उघडलं तर पहिल्या मेंब्रेना हाताला सहज आल्या, शेवटची काही केल्या निघेना, दोघांनी ओढून काढली तर वजनच भरपूर, आत दगड भरल्यासारखं. ती मी तिथंच कट्ट्यावर हॅकसॉनं कापून उलगडली. दोन पापुद्र्यांच्या मधे जी प्लास्टिकची जाळी असते तिची घरं न घरं पांढऱ्या कणांनी भरलेली, बोटानं चोळलं तर रांगोळीसारखं खरखरीत. त्यावर सायट्रिक ॲसिडचं पाणी टाकलं तर बारीक बुडबुडे येऊन फसफसलं, म्हणजे चुना. प्लांट चालवणारे काका बराच वेळ ती जाळी हातात धरून बघत होते. दोन मेंब्रेन टाकून द्याव्या लागल्या आणि ऐन उन्हाळ्यात नऊ दिवस गावाला टँकरवर राहावं लागलं. त्या दिवसापासून पाण्याचा लॅब रिपोर्ट हातात नसताना मी कुठल्याही व्हॉल्व्हला हात लावत नाही.

रिकव्हरी वाढवायची असेल तर क्रम असा ठेवा. आधी बोअरच्या पाण्याची पूर्ण तपासणी, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट, सल्फेट, सिलिका, लोह, फ्लोराइड, नायट्रेट सगळं आलं पाहिजे. मग अँटीस्केलंट (चुना बसू न देणारं औषध) नीट जातंय का ते बघायचं. मग व्हॉल्व्ह हलवायचा तो एका वेळी पाचच टक्के रिकव्हरी वाढेल एवढा, आणि दोन-तीन आठवडे आकडे बघत थांबायचं. शेवटच्या मेंब्रेनमधून बाहेर पडणारा प्रवाह फार बारीक होऊ द्यायचा नाही. चार इंची मेंब्रेनला, जिला आपण ४०४० म्हणतो, तासाला निदान ७०० लिटर तरी तिच्यातून वाहून गेलं पाहिजे.

५. पाणी तर सारखं वाहतंय, मग क्षार मेंब्रेनवरच का बसतो?

चिंचलीला मायाक्काच्या यात्रेला गेला असाल तर कळेल. मैदानात गर्दी विरळ असते पण देवळाच्या दारापाशी चेंगराचेंगरी, कारण सगळ्यांना तिकडंच जायचंय आणि आत एकेकच जाणार. मेंब्रेनच्या अंगाला तसंच होतं. पाणी आत शिरतं, क्षार दारातच अडतो आणि तिथं दाटतो, म्हणजे मेंब्रेनला चिकटून असलेलं पाणी मधल्या धारेपेक्षा जास्त खारं असतं. प्लांटच्या गेजवर किंवा रिजेक्टच्या टीडीएसमध्ये ही दाटी दिसत नाही. ती मोडायचा उपाय म्हणजे आडवा प्रवाह जोरात ठेवणं, आणि मघाशी सांगितलेली प्लास्टिकची जाळी पाणी घुसळायला असते ती त्यासाठीच. व्हॉल्व्ह आवळला की हा प्रवाह मंदावतो, दाटी वाढते, दाटी वाढली की बरोबरी करायलाच जास्त प्रेशर खर्च होतं आणि चुनाही लवकर बसतो. एकाच फेऱ्यात दोन नुकसानं होतात.

६. प्लांटमधनं पाणी कमी येउलालंय. मेंब्रेन बदलायची का?

थांबा, इतक्यात नको. मेंब्रेन ही शेवटची गोष्ट. आधी हाय प्रेशर पंपानंतरचा गेज बघा, नेहमीपेक्षा कमी असेल तर दोष पाण्याचा नाही, व्होल्टेज किंवा पंप बघा. मग मायक्रॉन फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा गेज, फरक एक किलोच्या वर गेला असेल तर आतल्या काडतुसा बदला, धुऊन परत घालू नका, धुतलेल्यातून बारीक माती सरळ पुढं जाते. सँड फिल्टरचा बॅकवॉश (उलटं पाणी सोडून धुणं) कधी झालाय ते आठवा.

हे सगळं ठीक असेल तर कुठली मेंब्रेन खराब झालीय ते बघायचं. पहिली मेंब्रेन तोंडाला तपकिरी, बुळबुळीत किंवा वास मारणारी असेल तर माती, लोह किंवा शेवाळासारखा जिवाणूंचा थर, म्हणजे दोष मेंब्रेनच्या आधीच्या फिल्टरांत. शेवटची जड आणि पांढरी असेल तर चुना, म्हणजे दोष रिकव्हरीत किंवा अँटीस्केलंटमध्ये. मेंब्रेना काढल्या की मी वजनकाट्यावर ठेवतो, किराणा दुकानातला काटाही चालतो, नवीन आणि जुनीतला फरक लगेच हाताला लागतो.

धुवायची वेळ ठरलेली आहे. तेवढ्याच प्रेशरला आणि तेवढ्याच थंड-गरम पाण्याला गोडं पाणी १० ते १५ टक्क्यांनी कमी झालं की धुवायचं, किंवा मेंब्रेनच्या आधीच्या आणि नंतरच्या प्रेशरचा फरक १५ टक्क्यांनी वाढला की. अर्ध्यावर येईपर्यंत थांबलात तर मग कितीही धुवा, पाणी पूर्ववत होत नाही. चुन्याला २ टक्क्यांचं सायट्रिक ॲसिड, आणि बुळबुळीत थराला कॉस्टिकचं पाणी, त्याचा पीएच ११-१२ पर्यंत आणि पाणी ३५ अंशांपेक्षा गरम नाही. दोन्ही प्रकारची घाण असेल तर आधी कॉस्टिक आणि मग ॲसिड, कारण आधी ॲसिड गेलं की तो बुळबुळीत थर घट्ट होऊन बसतो. मधे साध्या गोड्या पाण्यानं भरपूर धुऊन घ्यायचं, दोन्ही रसायनं एकत्र येऊ द्यायची नाहीत, हातात मोजे आणि डोळ्याला चष्मा हवाच. मेंब्रेन कंपनीच्या कागदावर पीएचची मर्यादा असते, ती कुणाकडून तरी वाचून घ्या. सल्फेटचा थर ॲसिडला दाद देत नाही आणि सिलिकाचाही नाही, म्हणून तर तो बसूच न देणं महत्त्वाचं.

आणि गोडं पाणी कमी न होता त्याचा टीडीएस वाढला असेल तर आधी ओ-रिंग बघा. दोन मेंब्रेनच्या मधल्या इंटरकनेक्टरची दहा-वीस रुपयांची ओ-रिंग तुटली की खारं पाणी सरळ गोड्यात घुसतं आणि लोक मेंब्रेन खराब झाली म्हणून हजारो रुपये घालतात.

७. जानेवारीत पाणी का कमी होतं? काही बिघडलेलं नसतं तरी.

थंडीनं. पाणी गार झालं की घट्ट होतं आणि मेंब्रेनमधून कमी जातं, एका अंशाला साधारण ३ टक्के. मेंब्रेनच्या कागदावरचा आकडा २५ अंशांचा असतो. बोअरचं पाणी वर येताना तसं कोमटच असतं पण रात्रभर उघड्यावरच्या टाकीत राहून सकाळी १८ अंशांवर आलं तर २० टक्के पाणी गेलंच म्हणून समजा. थंडीत प्लांट पहाटे न चालवता दुपारी चालवा आणि टाकी शेडखाली किंवा झाकलेली ठेवा. वहीत पाण्याचं तापमान लिहायचं ते याचसाठी, नाहीतर थंडीत उगाच मेंब्रेन धुतल्या जातात.

८. अँटीस्केलंट किती घालायचं? कॅन तर संपतच नाही आमचा.

संपत नसेल तर ते जात नाहीये. नेहमीचा डोस २ ते ५ पीपीएम (लिटरमागं तेवढे मिलिग्रॅम) असतो. तासाला २००० लिटर पाणी प्लांटमध्ये जात असेल आणि डोस ३ पीपीएम ठरला असेल तर तासाला ६ ग्रॅम, दहा तासांत ६० ग्रॅम मूळ औषध, म्हणजे चहाच्या कपाहूनही कमी. एवढंसं असल्यामुळं ते गेलं काय आणि राहिलं काय कुणाच्या लक्षात येत नाही. डोसिंग पंपाच्या नळीत हवा अडकते, पंप टकटक करत राहतो आणि औषध जागचं हलत नाही. टाकीवर मार्करनं रेघ मारून तारीख लिहा, रोज रेघ खाली आली पाहिजे. आणि औषध पातळ करताना प्लांटचं गोडं पाणी वापरा, बोअरचं नको. जास्त घातलं तर जास्त चांगलं असंही नाही, जादा अँटीस्केलंट लोहाबरोबर चिकट थर करतं.

९. टाकीत ब्लीचिंग पावडर टाकली तर चालेल?

मेंब्रेनच्या नंतर गोड्या पाण्याला चालेल. मेंब्रेनच्या आधी टाकली तर क्लोरीन कार्बन फिल्टरमध्ये पूर्ण मरायला हवा. पॉलिअमाइड क्लोरीननं जळतं, पाणी एकदम वाढतं, लोक म्हणतात काय मस्त झालं, आणि टीडीएस बघितला तर खारं पाणी येतंय. जळालेली मेंब्रेन परत नीट होत नाही.

१०. आणखी मेंब्रेन लावल्या तर?

हा खरा उपाय आहे, नीट केला तर. ४० इंच लांबीच्या एका मेंब्रेननं तिच्यात शिरलेल्या पाण्यापैकी साधारण १५ टक्केच गोडं काढावं अशी अपेक्षा असते. एकामागं एक सहा लावल्या की ५० टक्क्यांच्या थोडं पुढं जाता येतं. त्याच्या पुढं जायचं तर पहिल्या हाउसिंगांचं रिजेक्ट गोळा करून ते दुसऱ्या टप्प्याच्या हाउसिंगला द्यायचं, आधी दोन आणि मागं एक अशी रचना, म्हणजे पाणी कमी झालं तरी शेवटच्या मेंब्रेनमध्ये प्रवाह जोरात राहतो. ७०-७५ टक्के यातूनच सुरक्षित मिळतात.

छोट्या प्लांटला जागा आणि पैसा नसेल तर रिजेक्टचा थोडा भाग परत हाय प्रेशर पंपाच्या आधी सोडतात. त्यानं रिकव्हरी वाढते पण प्लांटमध्ये जाणारं पाणी जास्त खारं होतं, गोड्या पाण्याचा टीडीएसही वाढतो आणि वीज थोडी जास्त लागते. वाईट नाही, पण चुन्याची भीती तिथंही तेवढीच.

जुन्याच पंपावर नुसत्या मेंब्रेन वाढवल्या आणि प्रत्येकीवरचं प्रेशर थोडं उतरलं तर घाबरू नका. चार मेंब्रेनकडून जबरदस्तीनं १००० लिटर काढण्यापेक्षा सहांकडून निवांत काढलेले १००० लिटर मेंब्रेनला वर्षानुवर्षं टिकवतात.

११. आमच्या गोड्या पाण्याचा टीडीएस ४० येतो. चांगलं ना?

अंगणवाडीतल्या बाईंपासून पंचायत अध्यक्षांपर्यंत सगळे हा आकडा कौतुकानं सांगतात, पण मला त्यात वाया गेलेलं पाणी दिसतं. भारतीय मानक १०५०० प्रमाणं पिण्याच्या पाण्याला ५०० टीडीएसपर्यंत पसंतीची मर्यादा आहे. ४० करून तुम्ही मेंब्रेनला नको तेवढं राबवताय आणि पाणीही बेचव होतं.

बोअरचं पाणी १५०० आणि मेंब्रेनचं ६० असेल तर ८५ लिटर मेंब्रेनच्या पाण्यात १५ लिटर नीट गाळलेलं बोअरचं पाणी मिसळलं की २७५ च्या आसपास येतं. तासाचे १००० लिटर ११७५ झाले, नवीन मेंब्रेन नाही, जादा वीज नाही, जादा रिजेक्ट नाही. गावच्या प्लांटमध्ये गोडं पाणी वाढवायचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे आणि तो फारच थोडे लोक वापरतात.

पण अट आहे आणि ती मोडायची नाही. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आणि नायट्रेट किती हे लॅबमधून आलेलं असलं पाहिजे, कारण दोन्ही टीडीएस मीटरवर दिसत नाहीत. फ्लोराइडची पसंतीची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १.५, नायट्रेटची ४५. उसाच्या रानात युरियाचा मारा असतो तिथल्या बोअरमध्ये नायट्रेट हमखास बघायचंच, लहान बाळांना ते घातक असतं. मिसळल्यानंतरचं पाणी या मर्यादांच्या बरंच खाली राहत असेल, आणि मिसळलेलं सगळं पाणी यूव्हीमधून (जंतू मारणाऱ्या अतिनील दिव्यातून) किंवा क्लोरीन देऊन पुढं जात असेल, तरच करा. मिसळल्यावर पुन्हा एकदा लॅबला पाठवा.

१२. खानापूरकडं आमच्या विहिरीचं पाणी आहे, आरओ घ्यावा का?

जांभ्या दगडातल्या, पावसाच्या भागातल्या विहिरीचं पाणी बहुतेक हलकंच असतं. टीडीएस १००-१५० असेल आणि लॅब रिपोर्ट चांगला असेल तर आरओ कशाला, उकळून प्या किंवा यूव्ही बसवा. आरओ लावून त्यातलं पाणी गटारीत सोडणं मला पटत नाही.

१३. रिजेक्टचं पाणी कुठं वापरायचं?

संडास, फरशी, गाड्या, भांड्यांचं पहिलं विसळण, शाळेची मुतारी. त्यासाठी वेगळी टाकी आणि वेगळा नळ ठेवा आणि नळाला लाल रंग द्या, मुलांनी चुकून पिऊ नये म्हणून. उसाला सोडू नका. कृष्णा-दूधगंगेच्या काठाला आधीच पाणी जास्त देऊन देऊन किती जमीन क्षारपड झालीय ते आपण डोळ्यांनी बघतोय, त्यावर आणखी ३००० टीडीएसचं पाणी नको. बोअरमध्ये किंवा जुन्या विहिरीत तर अजिबात सोडू नका, एका गावात तसं केलेलं बघितलंय, दोन वर्षांत प्लांटच्या स्वतःच्या बोअरचा टीडीएस वाढायला लागला. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड असेल तर ५० टक्के रिकव्हरीलाच रिजेक्टमध्ये ते दुप्पट होतं, ते जनावरांना पाजू नका.

१४. बातम्यांत नवीन मेंब्रेनबद्दल येतं, त्याचा आपल्याला कधी फायदा?

वाचण्यासारखं बरंच चाललंय. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पेन स्टेट आणि टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी मेंब्रेनच्या कातडीच्या आतली रचना बारीक सूक्ष्मदर्शकातून बघितली. आधी समज असा की कातडी जितकी पातळ तितकं पाणी जास्त, पण त्यांना दिसलं की आत घनता सगळीकडं सारखी असणं जास्त महत्त्वाचं आहे, कुठं दाट कुठं विरळ असलं की पाणी अडतं. सारख्या घनतेच्या कातडीत ३० ते ४० टक्के जास्त कार्यक्षमता मिळू शकते असं त्यांचं म्हणणं.

पण आपल्या बोअरच्या पाण्यापुरतं बोलायचं तर अशी मेंब्रेन आली तरी रिकव्हरी आपोआप वाढणार नाही. प्रेशर कमी लागेल, विजेचं बिल उतरेल, मेंब्रेनची संख्या कमी लागेल, पण चुना कधी बसायचा ते पाण्याच्या रसायनावर आहे, ते तिथंच राहणार.

मला जास्त आशा वाटते ती दुसऱ्या एका पद्धतीची, इलेक्ट्रोडायलिसिसची. आरओत आपण क्षार मागं ठेवून पाणी ओढून काढतो, त्यात विजेच्या ओढीनं क्षारच पाण्यातून बाजूला काढतात आणि पाणी जागेवर राहतं. पाणी फार खारं नसेल, १०००-२००० टीडीएस, तर वीज कमी लागते आणि रिजेक्ट आरओपेक्षा बरंच कमी करता येतं. अमेरिकेतलं एमआयटी हे विद्यापीठ आणि आपल्या जळगावची जैन इरिगेशन यांनी मिळून खेड्यांसाठी सौर विजेवर चालणारं असं युनिट केलं होतं, त्याला २०१५ मध्ये अमेरिकेचं डिसाल प्राइज मिळालं. पण त्यात जंतू अडत नाहीत, यूव्ही वेगळा लागतोच.

१५. गोव्याचा समुद्र जवळ आहे, तिथं पाणी गोडं करून इकडं आणता येणार नाही का?

सभांमध्ये कुणीतरी हे विचारतंच, म्हणून हिशेब देतो. समुद्राचं पाणी आरओनं गोडं करायला हजार लिटरला ३ ते ४ युनिट वीज लागते. चेन्नईजवळ मिंजूर आणि नेम्मेली इथं रोज १० कोटी लिटरचे प्लांट उभारलेत, ते शहर समुद्राला लागूनच आहे. बेळगाव समुद्रापासून साडेसातशे मीटर वर. हजार लिटर पाणी एवढं उचलायलाच कागदावर २ युनिट लागतात, पंपात आणि पाइपात वाया जाणारी वीज धरली की ३ च्या जवळ. म्हणजे जेवढ्यात गोडं झालं जवळपास तेवढीच वीज नुसता चोर्ला घाट चढायला. आपली मचूळ बोअरं त्यापेक्षा कितीतरी स्वस्तात गोडी होतात.

१६. पावसाचं पाणी बोअरला सोडलं तर प्लांटला फरक पडतो का?

बऱ्याच ठिकाणी पडतो, जमिनीत पाणी मुरत असेल तर. शाळेचं २०० चौरस मीटरचं छप्पर आणि ५०० मिलिमीटर पाऊस धरला, थोडं वाया गेलेलं सोडलं तरी ८० हजार लिटर हातात येतात. ते वाळू-खडीच्या खड्ड्यातून गाळून बोअरजवळ मुरवलं तर पाण्याचा कडकपणा उतरतो, आणि कडकपणा उतरला की तीच मेंब्रेन, तोच पंप, पण रिकव्हरी पाच-दहा टक्के वर नेता येते. छपराचं पाणी गाळल्याशिवाय बोअरमध्ये थेट सोडू नका.

१७. रोज काय काय लिहून ठेवायचं? आमच्या काकांना फारसं लिहिता येत नाही.

सहा आकडे पुरे. पंपानंतरचं प्रेशर, रिजेक्टचं प्रेशर, गोड्या पाण्याचा कॅन किती सेकंदात भरला, रिजेक्टचा किती सेकंदात, गोड्या पाण्याचा टीडीएस, पाण्याचं तापमान. रोज एकाच वेळी, प्लांट चालू होऊन अर्धा तास झाल्यावर. आणि बंद करताना पाच मिनिटं गोड्या पाण्यानं मेंब्रेन फ्लश करायच्या, कारण लाइट गेल्यावर आत अडकलेलं घट्ट खारं पाणी रात्रभर तसंच राहिलं की चुना बसतो.

चिकोडीकडच्या एका प्लांटवर स्त्रीशक्ती संघाच्या एक मावशी हे काम बघतात. त्यांना फक्त आकडे लिहिता येतात, म्हणून मी वहीत शब्दांच्या ऐवजी चित्रं काढून दिली, गेज, घागर, गटार, थर्मामीटर. गेल्या डिसेंबरात त्यांचा फोन आला, "घागर ७२ ची ८१ झालीया, थर्मामीटर तेवढाच हाय, या बघू एकदा." गोडं पाणी ११ टक्के उतरलं होतं. जाऊन ॲसिडनं धुतलं, संध्याकाळी घागर परत ७३ वर. ती वही हवी असेल तर कुठल्याही साध्या शंभर पानी वहीवर हीच चित्रं काढून घ्या.